नव्वद सेकंद

दिवाळीच्या सुट्टीत मुलीने घरच्या कॉम्प्युटरवर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम टाकली. विंडोज आणि उबुंटू (तेही लिनक्सच) आधीपासून होतेच. विंडोज बाबांसाठी, कारण सोसायटीच्या हिशेबाचं त्यांचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं. उबुंटू माझं. १६.०४ टाकलं होतं, तेच अपग्रेड करत २२.०४ पर्यंत आणलंय. माझं मुद्रितशोधनाचं सगळं काम त्यात आहे.

भाऊबीजेनंतर मुलगी होस्टेलला परतली आणि उबुंटू सुरू व्हायला तीन मिनिटं लागायला लागली. दुरुस्तीवाल्यांनी फोनवरच सांगितलं, "ताई, डिस्क म्हातारी झाली, एसएसडी टाका." मला पटेना. त्याच डिस्कवरून डेबियन पाऊण मिनिटात उघडत होतं. शिवाय चार दिवस सकाळी मोबाइलवर वेळ लावून पाहिला, तर उशीर रोज जवळपास तेवढाच. झिजलेली डिस्क एखाद्या दिवशी जास्त अडते, एखाद्या दिवशी कमी. रोज ठरावीक उशीर होतोय म्हणजे मशीन कशाची तरी वाट पाहतंय, अशी माझी खात्री झाली.

उबुंटूचा लोगो दिसत असताना एस्केप दाबलं. लोगोमागची अक्षरं समोर आली: 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग', पुढे एक लांबलचक क्रमांक आणि १ मिनिट ३० सेकंदांची मर्यादा. एखादं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, सापडलं नाही तर सिस्टमडी (उबुंटूत बाकी सगळं सुरू करून देणारा प्रोग्राम) नव्वद सेकंद थांबतं आणि मग नाद सोडतं.

टर्मिनलमध्ये 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ' चालवलं. कर्नल (सिस्टमचा गाभा) सुरू व्हायला ४१ सेकंद, यूजरस्पेस (त्यानंतर सुरू होणारं बाकी सगळं) १ मिनिट ५८ सेकंद. त्यालाच 'ब्लेम' जोडलं की कोणत्या सेवेने, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रामने, किती वेळ घेतला त्याची यादी येते. बरेच जण यादीत वर दिसलेली सेवा लगेच बंद करतात. तसं करू नका. सेवा एकमेकींच्या जोडीनेही सुरू होत असतात, त्यामुळे वरचं नाव म्हणजे दोषी असं नसतं. माझ्या बाबतीत खरं कारण त्या यादीत नव्हतंच.

ते सापडलं 'बीएलकेआयडी' या आज्ञेने. ती प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे फॉरमॅट करताना त्याला मिळालेला ओळखक्रमांक, दाखवते. बूट होताना कोणती पार्टिशनं जोडायची याची यादी ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये असते, तिच्याशी एकेक आकडा ताडून पाहिला (प्रूफ वाचायची सवय इथे कामी आली). स्वॅपचा, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेचा, क्रमांक जुळत नव्हता. जुन्या उबुंटूत स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन असायचं. डेबियनच्या इन्स्टॉलरने ते पाहिलं, स्वतःसाठी घेतलं आणि नव्याने फॉरमॅट केलं. क्रमांक बदलला, उबुंटू मात्र जुन्याच क्रमांकाची वाट पाहत राहिलं. महिनाभर माझं मशीन स्वॅपशिवाय चाललं होतं, हेही तेव्हाच कळलं.

एफएसटॅबची प्रत काढून ठेवली, नवा क्रमांक लिहिला, रीस्टार्ट केलं. नव्वद सेकंद गेले. पण कर्नलचे ४१ तसेच. इथे मी एक संध्याकाळ घालवली. तोच जुना क्रमांक आणखी एका जागी होता: ईटीसीमध्ये इनिटरॅमएफएस-टूल्स, त्यात कॉन्फ-डी, त्यात 'रिझ्यूम' नावाची एका ओळीची फाइल. हायबरनेट केलेलं सत्र (मशीन बंद करताना डिस्कवर जपून ठेवलेलं चालू काम) स्वॅपमध्ये आहे का, हे बूट होताना तिच्यावरून तपासलं जातं, आणि त्यासाठी तीस सेकंद वेगळे जातात. ती ओळ बदलून 'अपडेट-इनिटरॅमएफएस' चालवावंच लागतं, नुसती फाइल सेव्ह करून भागत नाही, कारण बूट होताना वाचली जाते ती तिची आधीच बांधून ठेवलेली प्रत. आता कर्नल ११ सेकंद, यूजरस्पेस २८.

एक काम मात्र मी उलट दिशेने केलं. मशीन चालू केल्यावर कोणती सिस्टम उघडायची ते विचारणारा उबुंटूचा ग्रब मेनू दहा सेकंद थांबायचा, डेबियनचा पाचच थांबतो. तेवढ्यात बाबांचा चष्मा डोळ्यांवर येत नाही आणि विंडोजऐवजी भलतंच उघडतं. ही वेळ उबुंटूत बदलून काही होत नाही, कारण आता मेनू डेबियनचा आहे. डेबियनमध्ये जाऊन ग्रब टाइमआउट वीस केला आणि 'अपडेट-ग्रब' चालवलं. बाबा आता निवांतपणे बाणाची कळ दाबत विंडोजपर्यंत येतात.