हँडल तुटलं? आधी बिजागरी पाहा

दुहेरी काचेच्या यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या) खिडकीचं हँडल तुटलं की घरातलं कुणीतरी नवं हँडल घेऊन येतं, दोन स्क्रू आवळतं आणि काम झालं असं समजतं. काही महिन्यांत तेही ढिलं होतं, कारण बिघाड हँडलमध्ये नसतोच. बिजागऱ्या झिजल्यामुळे पल्ला, म्हणजे उघडणारी झडप, तीन-चार मिलिमीटर खाली आलेला असतो. हँडल फिरवल्यावर पल्ल्याच्या कडेचे रोलर चौकटीवरच्या कीपरमध्ये, म्हणजे त्यांना अडकवणाऱ्या खोबणीत, सरकायला हवेत, पण ते कीपरच्या तोंडावर अडतात. मग माणूस जोर लावतो. हँडल बहुधा ओतीव जस्त-मिश्रधातूचं असतं, ते हा जोर फार काळ सोसत नाही.

बिजागऱ्या इतक्या लवकर का झिजतात, हे वजनावरून कळतं. काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो. ६०० बाय १२०० मिमीच्या पल्ल्यात ५ मिमीच्या दोन काचा असतील तर नुसती काच १८ किलो होते. त्यावर पल्ल्याची चौकट आणि तिच्यातली पोलादी पट्टी. तेवढ्याच मापाच्या एकेरी काचेत ९ किलो. ए.बी. रोडचा (आग्रा-मुंबई रस्त्याचा) आवाज थांबावा म्हणून इंदुरात पुष्कळांनी जुन्या पल्ल्यांत दुहेरी काच घालून घेतली, बिजागऱ्या मात्र एकेरी काचेच्या हिशोबाच्याच ठेवल्या. त्या घरांत हा त्रास सगळ्यात आधी सुरू होतो.

तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती न करता बाजारात जाऊ नये. पल्ला उघडा ठेवून हँडल फिरवा. उघड्या खिडकीत हलकं आणि बंद करतानाच जड लागत असेल तर दोष बिजागरीचा किंवा पल्ल्याच्या बैठकीचा. उघड्यातही जड असेल तर कडेच्या खाचेतला, रोलर सरकवणारा गिअर धुळीने भरलाय. हँडल नुसतंच गोल फिरतंय आणि रोलर जागचे हलत नाहीत, तर एक तर स्पिंडल (हँडलमागचा चौकोनी दांडा) आखूड आहे, नाहीतर गिअर आतून गेलाय. गिअर गेला असेल तर कितीही चांगलं हँडल आणलं तरी उपयोग नाही.

मग पल्ला अर्धा उघडून हँडलकडची कड दोन्ही हातांनी हलकेच उचलून पाहा. वरखाली खुळखुळ जाणवली तर बिजागरीचे रिव्हेट सैल झालेत. खुळखुळ नाही, तरी पल्ला खाली घासतोय? मग टेपने पल्ल्याचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्हींत तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पल्लाच तिरका झालाय, म्हणजे काचेखालचे प्लॅस्टिकचे ठोकळे सरकलेत. बाजूला उघडणाऱ्या पल्ल्यात काचेचा भार बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यावर आणि तिरप्या समोरच्या, म्हणजे हँडलकडच्या वरच्या कोपऱ्यावर घ्यायचा असतो. तिथले ठोकळे नीट बसवले की पल्ला पुन्हा काटकोनात येतो आणि बिजागरी बदलायची गरजही राहत नाही. कारागीर हे सहसा सुचवत नाहीत, कारण त्यासाठी काच रोखणाऱ्या पट्ट्या काढाव्या लागतात आणि काम किचकट आहे.

पल्ला ठीक निघाला तर चौकटीचेही कर्ण मोजून घ्या. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. उथळ पायाच्या घरांत भिंत हलते, तिच्याबरोबर चौकटही ओढली जाते. चौकट तिरकी असेल तर आधी तिचा बंदोबस्त, हार्डवेअर नंतर. आणि मोजमाप सकाळी करा. यूपीव्हीसी दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०७ मिमी वाढतं. जानेवारीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला तर १.२ मीटर उंचीचा पल्ला अडीच मिमीपर्यंत वाढू शकतो. आतल्या पोलादामुळे प्रत्यक्षात थोडा कमी. पश्चिमेची गडद रंगाची खिडकी फक्त दुपारीच अडत असेल तर ती बिघडलेली नाही, तापलेली आहे.

आता खरेदी. इंदूरच्या सियागंज बाजारात जुना नग हातात घेऊन जाणं सगळ्यात बरं. नुसती बिजागरी मागितली तर दाराची हातात पडेल, म्हणून फ्रिक्शन स्टे मागा, खिडकीच्या सरकत्या बिजागरीचं हेच नाव. मापं तीन लागतात. बिजागरीच्या चौकटीवरच्या पट्टीची पूर्ण लांबी, इंचांत: ८, १०, १२, १६ अशी. मिटलेल्या बिजागरीची जाडी, जी १३ किंवा १७ मिमी असते. आणि पल्ला बाजूला उघडतो की वरच्या कडेला टांगलेला आहे, हे. जाडी चुकली की पल्ला बंदच होत नाही किंवा रबर दबत नाही, आणि हे घरी आल्यावर कळतं. स्क्रूच्या भोकांची जागाही जुन्या नगावर नवा ठेवून जुळवून पाहा. नवं भोक जुन्याच्या दोन-तीन मिमी शेजारी आलं तर स्क्रू घसरून जुन्या भोकातच जातो. बिजागरी नेहमी जोडीने बदलायची, वरची जास्त झिजलेली दिसली तरी. स्टेनलेस ३०४ घ्या. स्वस्त ४३० वर चुंबक चिकटतं, ३०४ वर जवळजवळ नाही, आणि दुकानात एवढी परीक्षा पुरते.

हँडलचं माप सोपं आहे: दोन स्क्रूंमधलं अंतर ४३ मिमी, चौकोनी स्पिंडल ७ मिमी, स्क्रू एम ५. खरी चूक होते ती स्पिंडलच्या लांबीत. हँडलच्या बैठकीपासून पुढे आलेला भाग मोजा. आखूड स्पिंडल गिअरमध्ये जेमतेम टोकावर पकडतो आणि गिअरचा चौकोन गोल करून टाकतो. लांब असेल तर हॅक्सॉने कापता येतो, म्हणून शंका असेल तेव्हा लांब घ्यावा. डावं, उजवं की सरळ, हेही पाहा. वरच्या मजल्यावर लहान मुलं असतील तर किल्लीचं हँडल घ्या आणि किल्ली मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर, खिडकीशेजारीच टांगा. आग लागली तर ती शोधायला वेळ नसतो.

हँडल बदलणं दहा मिनिटांचं काम. ते उघड्या स्थितीत, म्हणजे आडवं करा, बैठकीवरची टोपी सरकवा, दोन स्क्रू काढा, ओढा. नवं त्याच स्थितीत घाला आणि स्क्रू लावण्याआधी एकदा फिरवून रोलर हलतात का पाहा. खिडकी बंद असताना हँडल तुटलं असेल तर जुना स्पिंडल भोकात घालून पान्याने फिरवला की गिअर सुटतो. पटाशी घालून पल्ला उचकटू नका, रबर आणि कड दोन्ही जातात.

बिजागरीचं काम दोन माणसांचं, आणि वरच्या मजल्यावर दोरीशिवाय नाही. दोरी पल्ल्याला बांधून दुसरं टोक घरातल्या पक्क्या जागी अडकवा. खिडकीच्या कट्ट्यावर कुणीही उभं राहायचं नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत आतून लोखंडी जाळी आणि पल्ला बाहेर उघडणारा, अशी रचना असते. पल्ला गजांतून आत येणार नाही, त्यामुळे आधी जाळी उतरवावी लागते. जाळी भिंतीत पक्की असेल आणि घर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असेल तर हे काम घरी करू नका, परांची बांधणाऱ्या माणसांकडून करून घ्या.

पल्ला पूर्ण उघडा. एकाने खालून भार घ्यायचा, दुसऱ्याने पल्ल्याच्या कडेवरचे स्क्रू काढायचे. आधी खालच्या बिजागरीचे, वरच्या बिजागरीचा एक स्क्रू अगदी शेवटी, कारण पल्ला बाहेर कलंडण्यापासून तोच रोखतो. पल्ला आत घेऊन गादीवर उभा ठेवा, फरशीवर नको. काचेच्या कोपऱ्याला बारीकसा टवका उडाला तरी पुढे तिथून तडा जातो. मग चौकटीवरच्या पट्ट्या काढा, खाच ब्रशने आणि ओल्या फडक्याने साफ करा, नवी पट्टी कोपऱ्याला भिडवून बसवा.

स्क्रूंबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण बिघडतं ते इथेच. चौकटीच्या बाजूला स्क्रू आतल्या पोलादी पट्टीत रुतला पाहिजे, नुसत्या प्लॅस्टिकमध्ये रुतलेला वर्षभरात सुटतो. साधारण ४.३ मिमी जाडीचा, २५ मिमी लांब स्टेनलेस स्क्रू चालतो. नवं भोक असेल तर ३.५ मिमीच्या ड्रिलने आधी पाडून घ्या. जुनं भोक मोठं झालं असेल तर ४.८ मिमीचा घ्या, काडी ठोकून भागवू नका. पल्ल्याच्या बाजूला मात्र जुन्यापेक्षा लांब स्क्रू मुळीच नको. तो आत काचेच्या दिशेने जातो, आणि टोक काचेच्या कडेला टेकलं तर काच फुटते किंवा दोन काचांमधलं सील जातं. सील गेलं की आत वाफ धरते, आणि ती काच पूर्ण बदलल्याशिवाय जात नाही. स्क्रूचं डोकं पट्टीच्या खळग्यात पूर्ण बसायला हवं. अर्धा मिमी वर राहिलं तरी बिजागरी मिटताना अडते.

पल्ला परत लावताना आधी वरचा एक स्क्रू, मग खालचा एक. खिडकी बंद करून चारही बाजूंची फट बघा, मगच बाकीचे आवळा. कागदाची पट्टी रबरात धरून खिडकी बंद करा आणि ओढा. चारही बाजूंना सारखीच घट्ट लागली पाहिजे. एका बाजूला सैल असेल तर त्या बाजूचे रोलर ॲलन कीने थोडे फिरवा, बहुतेक रोलर त्यासाठीच केंद्रापासून सरकवून बसवलेले असतात. पल्ला वाऱ्याने आपटत असेल तर बिजागरीच्या पट्टीत सरकणाऱ्या गोटीवरचा घर्षणाचा स्क्रू दोन्ही बिजागऱ्यांत सारखाच आवळा.

या गोटीला तेल लावू नका. खिडकी ज्या घर्षणावर थांबते तेच तेलाने जातं, आणि वैशाखातल्या धुळीबरोबर मिसळून त्याची कानस होते. रबरालाही खनिज तेल चालत नाही, फुगतं. रबरावर सिलिकॉन स्प्रे, गिअरमध्ये किंचित ग्रीस, बस. दिवाळीच्या साफसफाईत टाइल्सचं ॲसिड खिडकीजवळ वापरलं तर त्यातलं क्लोराइड स्टेनलेसलाही खड्डे पाडतं. शिंतोडे उडाले असतील तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

खालची बिजागरी गंजलेली निघाली असेल तर नवी लावण्याआधी चौकटीच्या तळातल्या पाणी जाण्याच्या खाचा तपासा. उन्हाळ्याच्या धुळीने त्या बुजतात आणि पहिल्या मोठ्या पावसात चौकटीत पाणी साचून बिजागरी त्यात बुडते. तारेने खाचा मोकळ्या करा, तळात पेलाभर पाणी ओता आणि ते बाहेरच्या बाजूने लगेच निघतं का पाहा. निघालं तरच पट्टी बसवा.