एका कैद्यावर रोज किती खर्च होतो?

तुम्ही विचारलंत म्हणून हे उत्तर. "एका कैद्यावर सरकार रोज किती पैसे घालवतं?" असं ज्यांना ज्यांना विचारावंसं वाटतं, त्यांना एक आकडा हवा असतो. तो काढणं सोपं आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात '२०५६ तुरुंग' हे मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, असतं. त्याखालचा वर्षाचा खर्च घ्या, सरासरी बंदीसंख्येने (बंदी म्हणजे कैदी) भागा, मग ३६५ ने. पण या आकड्यावर मत बनवू नका, कारण तुरुंगात जितकी दाटी जास्त तितका तो कमी येतो.

हिशेब करून पाहू. समजा, ५०० क्षमतेचं एक कारागृह आहे. पगार, वीज, देखभाल मिळून वर्षाला ६ कोटी रुपये लागतात. जेवण, साबण, औषधं यांचे दर बंद्यामागे रोज १०० रुपये धरू. आत ५०० माणसं असतील तर माणशी रोजचा खर्च येतो सुमारे ४२९ रुपये. त्याच भिंतींआड ९०० जण कोंबले की तोच आकडा २८३ वर उतरतो. कागदावर काटकसर दिसते. आत मात्र संडासापुढची रांग आणि दवाखान्यातली गर्दी जवळपास दुप्पट झालेली असते.

उलट दिशेनेही तेच. शंभर बंदी सुटले म्हणून शंभर गुणिले २८३ रुपये वाचत नाहीत. वाचतात ते फक्त माणशी बदलते १०० रुपये. पगाराचा बोजा हलायला अख्खी बराक बंद व्हावी लागते.

'२०५६' या शीर्षातला मोठा वाटा पगाराचा. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा बंद्यांमागे एक रक्षक असं प्रमाण आहे. म्हणजे ९०० बंद्यांना १५० रक्षक. तीन पाळ्यांत वाटले की एका वेळी ५०. साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण वजा केलं की ४० च्या आतबाहेर. तेही सगळी पदं भरलेली असतील तर. पगाराची तरतूद साधारणपणे भरलेल्या पदांवर बेतली जाते, त्यामुळे रिक्त जागा बजेटच्या पुस्तकात टोचत नाहीत. त्या टोचतात रात्रपाळीला. नवीन इमारतीचंही असंच होतं: बांधकामाचा पैसा वेगळ्या भांडवली शीर्षातून येतो आणि आकृतिबंधाची, म्हणजे किती पदं असावीत याची, मंजुरी वेगळ्या फाइलवर चालते. म्हणून इमारत तयार, पण पदं मंजूर नाहीत, अशी अवस्था येते.

शिधा हा मात्र थेट माणसांच्या संख्येशी बांधलेला खर्च. सकाळची गिनती झाली की तो आकडा कोठारात जातो आणि त्यावर तांदूळ, डाळ, पीठ, तेल तोलून स्वयंपाकघरात दिलं जातं. इथे अंदाज बांधायला जागाच नाही. आज ९१२ तर ९१२. वर्षाचा अंदाज मात्र मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च आणि चालू वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांचे आकडे पाहून ठरतो. मध्येच मोठी धरपकड झाली किंवा डाळ महागली की वर्ष संपायच्या आधीच तरतूद संपते. मग विधिमंडळाकडे जादा पैशांची पुरवणी मागणी करायची किंवा पुनर्विनियोजनाने दुसऱ्या बाबीतून पैसे वळवायचे. दोन्ही वेळेत जमलं नाही तर पुरवठादाराची देयकं पुढच्या वर्षावर जातात आणि नव्या तरतुदीचा पहिला घास तीच खातात. पुढच्या वर्षी तूट अजून लवकर येते.

पण मुळात आत माणसं किती आणि किती दिवस राहणार, हे कारागृह ठरवतच नाही. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता होती ४,३६,२६६. त्या दिवशी एकूण बंदी होते ५,७३,२२० आणि त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन. म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही, एवढ्यांनीच देशभरातली क्षमता जवळपास भरून टाकली होती.

त्यांचे दिवस वाढतात कसे? न्यायाधीन बंद्याला कोर्टात नेणारी पोलिसांची तुकडी, म्हणजे कैदी पार्टी, पोलीस मुख्यालयातून येते. तिचा खर्च '२०५५ पोलीस' खाली. न्यायाधीश आणि कोर्टाचे कर्मचारी '२०१४ न्यायदान' खाली. सणाच्या बंदोबस्तामुळे पार्टी मिळाली नाही की तारीख चुकते, पुढची तारीख पडते, आणि तेवढ्या दिवसांचा शिधा '२०५६' मध्ये चढतो. ज्या खात्याने चार शिपाई वाचवले त्याला हा खर्च दिसतही नाही. कोठडीच्या मुदतवाढीला व्हिडिओ कॉन्फरन्सिंग चालून जातं. साक्षी-पुराव्याच्या वेळी मात्र आरोपीला वकिलाच्या शेजारी बसून बोलता आलं पाहिजे.

सगळ्यात जिव्हारी लागतो तो जामीन मंजूर होऊनही आत राहिलेला माणूस. समजा, १५,००० रुपये भरता येत नाहीत म्हणून कुणी १५० दिवस अडकला. वरच्या हिशेबाने त्याच्या नुसत्या बदलत्या खर्चावर सरकारचे तितकेच पैसे गेले, आणि त्याची मजुरी, घरभाडं, मुलांची शाळा यांचं झालेलं नुकसान कुठल्याच लेखाशीर्षात नाही. गरीब बंद्यांसाठी केंद्राची मदत योजना आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत न्यायाधीन बंद्याला जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंडासाठी २५,००० पर्यंत मर्यादा होती. जामिनाच्या आदेशानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृहाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा सोडून, याआधी कधीच दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की कोर्टाकडे त्याच्या जामिनासाठी अर्ज करणं हे कारागृह अधीक्षकाचं काम आहे. एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तर ही सवलत मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी आमदारांना विचारायचं असेल तर माणशी खर्च विचारू नका. आपल्या जिल्ह्यातल्या कारागृहात जामीन मिळूनही सात दिवसांहून जास्त काळ किती जण आत आहेत, गेल्या महिन्यात पार्टीअभावी किती तारखा चुकल्या, आणि शिध्याची किती देयकं मागच्या वर्षाची आहेत, हे विचारा. हे तिन्ही आकडे कारागृहाच्या आणि पोलीस मुख्यालयाच्या रोजच्या नोंदींतून काढता येतात.