मानकुरादची पैज

चवथ तोंडावर आली की आमच्या घरातली फडताळं रिकामी होतात. वर्षभर ज्या कोपऱ्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही ते एकदम गणपतीच्या नजरेला पडतील म्हणून पुसले जातात. परवा दुपारी मुगागाठी आणि भात जेवून, खरं तर आडवं व्हायच्या वेळेला, मी डब्यांखालचे जुने कागद काढायला बसले आणि हाताला कालनिर्णयचं एक पान लागलं. डिसेंबर २०२३. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, आणि ११ तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने तीन अक्षरं : कि, नी, डु.

आधी वाटलं बाजाराची यादी. कि म्हणजे किसणी, नी म्हणजे नीळ. डु मात्र अडला. मग एकदम आठवलं. पैज!

त्या दिवसांत अख्ख्या गोव्याच्या अंगात खेळ शिरला होता. ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आमच्याकडे नुकत्याच होऊन गेल्या होत्या आणि मोगा नावाचा तो हसरा गवा चौकाचौकातल्या फलकांवरून अजून उतरला नव्हता. पदकतक्त्यात महाराष्ट्र पहिला आला. घरात कोंकणी बोलणाऱ्या आणि सकाळी मराठी पेपर वाचणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्यावर टाळ्या किती जोरात वाजवायच्या, हा एक वेगळाच प्रश्न. दादाने त्या सावधपणे, बसल्या जागीच वाजवल्या.

स्पर्धा संपल्या आणि चार-पाच दिवसांतच जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी शेवटची पाच पुरुषांची नावं जाहीर झाली. त्यात नीरज चोप्रा! दादा रविवारी डिचोलीहून फोंड्याला माझ्याकडे आला तो निकाल खिशात असल्यासारखाच. बुडापेस्टला जगज्जेता झालाय, आता आणखी काय पाहिजे? भाचा म्हणाला, डुप्लांटिस. तो बांबूउडीवाला स्वीडिश मुलगा जागतिक विक्रम एकेक सेंटिमीटरने वाढवतो. २०२० मध्ये ६.१७ मीटरने सुरुवात केली आणि आमची पैज लागली तेव्हा ६.२३ वर पोचला होता. आमचा एक शेजारी दर पावसाळ्यानंतर कुंपण वीतभर आमच्याकडे सरकवायचा, त्याची मला आठवण झाली. एकदम हातभर सरकवलं तर भांडण होतं. वीतभर सरकवलं तर लोक नुसतेच बघत राहतात.

बायकांच्या यादीवर पैज लागलीच नाही. फेथ किपयेगॉनने दोन महिन्यांच्या आत १५०० मीटर, मैल आणि ५००० मीटर असे तीन जागतिक विक्रम केले होते. तिच्याविरुद्ध बोलायला कोणी तयार होईना.

मी कोणाचंच नाव घेतलं नाही. पेन्सिल घेऊन कालनिर्णयवर लिहिलं. ही माझी जुनी खोड. मी नाव उच्चारलं की तो माणूस हरतो. हसणाऱ्यांनी हसावं. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला मी एकदाच बेसावधपणे ‘नीरजच’ असं मोठ्याने म्हटलं. त्याने भाला ८९.४५ मीटर फेकला, चांगलाच फेकला, पण पाकिस्तानचा अर्शद नदीम त्याआधीच ९२.९७ वर जाऊन बसला होता. त्या रौप्यपदकात माझा हात आहे, असं आमच्या घरात आजही मानलं जातं.

या खोडीचं मूळ शाळेत आहे. मी धावण्यात शेवटून पहिली. म्हणून पीटीच्या सरांनी माझ्या हातात वही दिली : पहिल्याला पाच, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. डिसेंबरात मैदानावर चुन्याच्या रेषा पडायच्या, त्यावरून सकाळी कोणाची तरी म्हैस चालून जायची, आणि मी चिंचेखाली बसून बेरजा करायची. गॅदरिंगला ‘वर्षातला उत्कृष्ट खेळाडू’ म्हणून एक ढाल द्यायचे. ती कोणाला मिळणार हे शाळेत फक्त मला आधी कळायचं. सातवीतल्या मुलीला याहून मोठी सत्ता काय असणार?

त्या वर्षी आमच्या वर्गात डोंगराकडच्या वाड्यावरची एक मुलगी होती. सकाळी गुरं सोडून शाळेत यायची, तीही अनवाणी, आणि शाळेची वाट ती कधी चालायचीच नाही, धावायची. शंभर मीटर, दोनशे मीटर, लांब उडी : तिन्हीत पहिली. पंधरा. तिच्यामागचा मुलगा अकरावर. मी आठ दिवस सगळ्यांना सांगत सुटले, ढाल हिचीच. तिलाही सांगितलं. गॅदरिंगच्या रात्री माइकवरून अकरावाल्याचं नाव आलं. शिस्त, गणवेश आणि हजेरीही धरली होती म्हणे. ते गुण माझ्या वहीत नव्हतेच.

मी घरी येऊन रडले. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी बोरं खात कुंपणावर बसली होती. म्हणाली, ‘मातीच्या भिंतीत खिळा राहत नाही गे, ढाल लावली असती कुठे?’ पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती.

जागतिक अ‍ॅथलेटिक्सचं गणित त्या मानाने उघड. २०२३ मध्ये पाच जण निवडताना त्यांच्या कौन्सिलच्या मतांना पन्नास टक्के, अ‍ॅथलेटिक्सच्या परिवाराला पंचवीस, उरलेले पंचवीस मोबाईलवर अंगठा दाबणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांचे. आमच्या शाळेत शंभरच्या शंभर टक्के हेडसर. भाच्याने डुप्लांटिसला मत दिलं, दादाने नीरजला. दादाने नंतर शेजाऱ्यांचे दोन फोन मागून घेतले होते, पण ते असो.

माझा कि म्हणजे केनियाचा केल्विन किप्टम. ऑक्टोबरात शिकागोला त्याने मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत संपवली होती. त्याच्याच देशाच्या किपचोगेचा जागतिक विक्रम ३४ सेकंदांनी मोडला, आणि ही त्याच्या आयुष्यातली अवघी तिसरी मॅरेथॉन. भाच्याने विचारलं, का गं आत्या, किप्टमच का? मी सेकंदांचं काहीतरी सांगितलं. खरं कारण मी कुठेतरी वाचलं होतं : लहानपणी शेळ्यामेंढ्या राखताना सराव करणारे धावपटू दिसले की हा पोरगा अनवाणी त्यांच्यामागे पळत सुटायचा. त्यांच्यातलाच एक पुढे त्याचा प्रशिक्षक झाला.

पैज एक डझन मानकुराद आंब्यांची. तीही घरच्या झाडाच्या, कारण मोसमाच्या सुरुवातीला पणजीच्या बाजारात मानकुरादचा भाव ऐकून माणूस केळी घेऊन घरी येतो. झाड वडिलांच्या परसात, राखतो दादा. गोव्याच्या कायद्याप्रमाणे त्यातले अर्धे आंबे तसेही माझेच, हे मी पैज लावताना मुद्दाम बोलले नाही.

आणि ११ डिसेंबरला काय झालं? पुरस्कार एकाऐवजी तिघांना दिला! ट्रॅकवरचा नोआ लाइल्स, मैदानी प्रकारातला डुप्लांटिस, रस्त्यावरचा किप्टम. पाच नावांत तीन विजेते. लाइल्सवर आमच्यातल्या कोणाचीच पैज नव्हती. भाचा नाचायला लागला, मीही. दादा शांतपणे म्हणाला, तिघे जिंकले म्हणजे कोणीच जिंकला नाही, आंबे झाडावरच राहतील. ‘तुका कितें कळटा?’ म्हणून मी त्याच्यावर चढले, तर म्हणतो, नीरजला भाल्याने हरवलेला एक तरी या तिघांत दाखव. वाद नाताळ ओलांडून शिगम्यापर्यंत चालला असता. आमच्या घरात वाद तसे टिकतात.

१२ फेब्रुवारीच्या सकाळी दादाचा फोन आला. आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, पेपर नको बघू, टीव्ही लाव. आदल्या रात्री केनियात गाडीच्या अपघातात किप्टम गेला. गाडीत असलेला तो प्रशिक्षकही गेला. विक्रमावर अधिकृत शिक्का बसून आठवडाही झाला नव्हता. एप्रिलमध्ये रॉटरडॅमला तो दोन तासांच्या आत धावायचा प्रयत्न करणार होता. चोवीस वर्षांचं पोर.

मे महिन्यात दादा आला तेव्हा पिशवीत बारा मानकुराद होते.

‘तुजो जिखिल्लो न्ही?’ तुझा जिंकला होता ना, एवढंच म्हणाला. भाच्यानेही डुप्लांटिसचं नाव काढलं नाही.

आंबे मी तणसात घालून ठेवले. दोन डागी निघाले. बाकीचे गोड होते.