बंपरचा कोपरा सुटला तेव्हा

जुलैतली संध्याकाळ होती. दादरला आईकडून मुलुंडला परतत होते आणि गांधी मार्केटजवळ पाणी भरलेलं. पुढचा टेम्पो निघून गेला म्हणून मीही गाडी घातली. शेजारून बस गेली, तिने ढकललेली लाट गाडीच्या नाकावर आदळली आणि थाडकन आवाज झाला. इंजिन बंद पडलं नाही, त्यामुळे मी देवाचे आभार मानत सायन गाठलं आणि पूर्व द्रुतगती महामार्गाला लागले.

अमर महलच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या होत्या. तिथे बाइकवरच्या एका डिलिव्हरीवाल्या मुलाने काचेवर टकटक केलं. "मॅडम, पुढचं खाली लोंबतंय. सुटलं तर मागच्याच्या अंगावर जाईल."

कडेला घेऊन उतरले तर बंपरचा उजवा कोपरा फेंडरपासून, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून, दोन बोटं सुटलेला आणि खालचं काळं कव्हर रस्त्याला घासत होतं. माझ्या पोटात गोळा आला. भर पावसात, ऐंशीच्या वेगात ते निसटलं असतं आणि मागे दुचाकी असती तर? त्या मुलाने आपल्या पेटीतून सुतळी काढली. कव्हर वर उचलून बंपरच्या खालच्या जाळीतून आम्ही बांधलं आणि गाठीची टोकं चाकाकडे जाणार नाहीत हे त्यानेच दोनदा बघितलं. डाव्या लेनमधून तीसच्या वेगाने मी घरी पोहोचले.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. गाडीखाली वाकूनही न बघता त्यांनी सांगितलं की पूर्ण बंपर बदलावा लागेल, रंगासकट 13,800 रुपये. विम्याच्या क्लेमचा हिशेब मांडून पाहिला. गाडी नऊ वर्षांची, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं जादा विमा-संरक्षण) नाही. म्हणजे प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जाणार, वर माझी गाडी 1500 सीसीच्या आतली असल्याने सक्तीचे 1,000 रुपये मीच भरायचे. शिवाय पाच वर्षं क्लेम न करून जमवलेला 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर. एवढ्यासाठी क्लेम करणं मला पटलं नाही. मोठं नुकसान असतं तर जरूर केला असता.

मग भांडुपला ओळखीच्या मिस्त्रीमामांकडे गेले. त्यांनी आधी स्टेअरिंग पूर्ण वळवून चाक बाजूला घेतलं, चाकाच्या कमानीतला स्क्रू काढला, आतलं प्लास्टिकचं अस्तर मागे सारलं आणि टॉर्च माझ्या हातात दिली. "ताई, बघा. बंपरला काही झालेलं नाही. त्याला धरणारा तुटलाय."

ते बघेपर्यंत मला वाटायचं की बंपर बोल्टांनी आवळलेला असतो. माझ्या गाडीत वर ग्रिलजवळ आणि खाली कव्हरला क्लिपा आहेत, दोन्ही कमानींत एकेक स्क्रू आहे आणि कोपऱ्यात फेंडरला एक वीतभर प्लास्टिकचा ब्रॅकेट आहे. बंपरच्या कडेचे दात त्या ब्रॅकेटमध्ये बसतात. उजवा ब्रॅकेट दुभंगला होता. खालच्या सात क्लिपांपैकी तीन तर आधीपासूनच नव्हत्या. कुठल्याशा सर्व्हिसिंगला कव्हर काढून कुणीतरी तसंच लावलं असणार. पाण्याला ती फट पुरली.

मामांनी ब्रॅकेट मलाच आणायला सांगितला, कंपनीचाच आणि चॅसिस नंबर दाखवून. मी चर्नी रोडला उतरून ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गेले. नंबर नेला ते बरं झालं, कारण माझ्या मॉडेलचा पुढचा भाग मध्येच बदलला होता आणि दोन्ही ब्रॅकेट दिसायला सारखे असले तरी भोकं वेगळ्या जागी होती. डावा-उजवाही वेगळा असतो. ब्रॅकेट आणि दहा क्लिपा मिळून 420 रुपये झाले.

काम दीड तासाचं. क्लिपेची मधली खुंटी आधी उचलायची, मग अख्खी क्लिप ओढायची. सरळ पेचकसाने उपटली की ती मोडते. बंपर कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला ओढायचा, खाली नाही, नाहीतर दात तुटतात. पूर्ण ओढण्याआधी फॉग लॅम्पचं कनेक्शन सोडवायचं. बंपर उतरवल्यावर मामांनी त्याच्यामागचा लोखंडी बीमही तपासला. तो वाकला असता तर गोष्ट वेगळी होती.

एक दात मात्र तुटला होता. मी फेव्हिक्विकने चिकटवू का विचारलं. मामांनी बंपर उलटा करून आत कोरलेली 'पीपी' अक्षरं दाखवली. पॉलिप्रॉपिलीन. या प्लास्टिकवर साधा गोंद धरत नाही, चार दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. त्यांनी तापवलेली तारेची पिन आतून वितळवून बसवली आणि वर त्याच जातीचं प्लास्टिक ओतलं. त्यांची मजुरी 900 रुपये.

शेजारच्या काकांनी पुढे लोखंडी गार्ड बसवून घ्यायला सांगितलं. ते प्रेमाने सांगत होते, पण मी नाही बसवला. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. धडक बसली की बंपर दबून जोर पितो, गार्ड तो थेट सांगाड्यात पोहोचवतो. एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं आणि समोर माणूस असेल तर त्याला लोखंडच लागतं.

आता महिन्यातून एकदा गाडी पुसताना मी दोन्ही कोपरे तळव्याने दाबून बघते आणि दोन्हीकडची फट सारखी आहे का ते पाहते. पार्किंगमधल्या सिमेंटच्या अडथळ्यावर बंपरचा खालचा ओठ अडकतो, म्हणून गाडी उलटी लावते. धुणाऱ्या मुलाला पाण्याचा झोत फटीत मारू नको म्हणून सांगितलंय. ओरखड्यांसाठी मी पैसे घालत नाही, प्लास्टिकला गंज चढत नाही. पण एकही क्लिप गेलेली मला चालत नाही. सर्व्हिसिंगहून गाडी आली की वाकून खालच्या सातही मोजते, आणि कमी भरल्या तर तिथेच उभी राहून लावून घेते.

उरलेल्या क्लिपा आणि चार केबल टाय डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत. त्यांच्याशेजारी ती सुतळीही मी गुंडाळून ठेवली आहे.