पंचहौदचा मेळावा आणि गवंडीकाकांचा चुन्याचा खडा

आमच्या मंडळाचा मेळावा दरवर्षी पंचहौदला होतो. पुण्यात गुरुवार पेठेतलं १८८५ चं आमचं चर्च, म्हणजे पवित्र नाम देवालय, शेजारी वेगळा उभा असलेला घंटांचा उंच मनोरा, पाळकांचं राहतं घर, हे सगळं नीट टिकावं एवढ्यासाठीच आम्ही जमतो. प्रार्थना, स्वागत, अहवाल, हिशेब हे नेहमीचंच, त्यावर काय लिहू.

मी थांबते ती गवंडीकाकांसाठी. हात थरथरतात आता त्यांचे, पण खिशातून रुमालात बांधलेला जुन्या चुन्याचा खडा काढतात आणि पहिल्या रांगेत फिरवतात, म्हणतात नखाने कोरून बघा. मग दरवर्षी सांगतात तेच सांगतात, की जुनी वीटभिंत चुन्यातली असते, पावसाळ्यात ओल पिते नि उन्हाळ्यात बाहेर टाकते, तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते, खार फुटतो, विटेचे पापुद्रे सुटतात. चुना भरपूर दिवस भिजवायचा, गूळ-हिरड्याचं पाणी घालायचं, घाई नाही करायची. "भिंतीचं तोंड दाबू नका बाई" म्हणाले की माझा गळा दाटून येतोच, कारण माझं लहानपण अशाच पाळकांच्या घरात गेलं आणि दादा पावसाळ्यात भिंतीला तळहात लावून ओल बघायचे.

वाईट एवढंच वाटतं की काका उठेपर्यंत चहा झालेला असतो आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या. यंदा मोजले मी, ३१ जण! १८९० साली याच पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आले आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांकडच्या चहावरून प्रकरण पार प्रायश्चित्तापर्यंत गेलं हे कप हातात घेऊन सगळ्यांना सांगायचं असतं, मग त्याच आवारातल्या भिंतींसाठी पंधरा मिनिटं बसवत नाही का?

आभार मानताना मदतीला आलेलं कुणी राहून जाऊ नये म्हणून रात्रीच यादी केली. सतरंज्या घालणारे दोघे भाऊ, मनोऱ्याच्या जिन्यातली कबुतरांची घाण काढणारा पोरगा, आठही घंटांचे दोर बघणारे काका, माईकवाले, महिला मंडळाच्या सगळ्याजणी, फोटो काढणारी माझी भाची, गेटवरचे वॉचमन. आणि गवंडीकाकांना स्कूटरवर आणणारा त्यांचा नातू, मागच्या वर्षी त्याचं नाव घ्यायचं राहिलं तर मला आठवडाभर चैन नव्हतं. तो बाहेर पायरीवरच बसून असतो, यंदा हाताला धरून आत आणला. खडा सगळीकडे फिरून आला तेव्हा काकांनी तो रुमालात बांधला आणि पहिल्यांदाच स्वतःच्या खिशात न टाकता त्याच्याकडे दिला.