ब्लॅक रॉकच्या नोंदी : काआनापाली, माउई

हवाईतल्या माउई बेटावरचा काआनापालीचा किनारा लांबलचक आहे, पण स्नॉर्कलिंगला (मास्क आणि श्वासाची नळी लावून, तरंगत पाण्याखाली बघायला) नुसत्या वाळूवर फारसं काही दिसत नाही. मासे आहेत ते उत्तर टोकाच्या काळ्या लाव्हाखडकापाशी, म्हणजे ब्लॅक रॉकपाशी. त्याचं जुनं नाव पुऊ केकाआ.

फेरी 1, पाण्यात उतरणं. वाळू काठालाच एकदम खोल उतरते, म्हणून लाट पायाशी फुटते. फिन्स (पोहण्यासाठी पायात घालायचे पंखे) घालून चालत गेलं की माणूस आडवा होतोच. फिन्स हातात ठेवायचे, दोन लाटांच्या मधे झटकन छातीभर पाण्यात जायचं आणि तिथे तरंगत ते चढवायचे. मास्कच्या कडेवरून ओलं बोट फिरवून घ्यावं. वाळूचा एक कण अडकला तरी पाणी झिरपतं.

फेरी 2, गळका मास्क. पट्टा आवळणं हा उपाय नव्हे. आवळल्याने सिलिकॉनची कड मुडपते आणि गळती वाढते. बहुतेकदा दोषी असते ती मिशी, नाहीतर कडेखाली आलेले केस. नाकाखालची मिशी बोटभर कापली की निम्मा त्रास जातो. नव्या काचेवरचा कारखान्यातला थर टूथपेस्टने घासून काढावा, नाहीतर बेबी शाम्पूचा थेंब लावूनही वाफ धरतेच.

फेरी 3, वेळ. कोकणात आपण आधी भरती-ओहोटी बघतो. इथे तो फरक जेमतेम दोन-तीन फुटांचा, तेव्हा बघायचा तो वारा. सकाळी नऊच्या आत पाणी काचेसारखं. दुपारी वारा चढला की पृष्ठभाग खवळतो आणि नळीत पाणी येऊ लागतं. हिवाळ्यात उत्तरेची मोठी लाट आली तर वाळू ढवळून सगळं दुधाळ होतं. त्या दिवशी उतरूच नये.

फेरी 4, खडकाच्या कडेने. इथे घाई करू नका. पोपटमासा चोचीने खडक खरवडतो, ती कुरकुर पाण्यात स्वच्छ ऐकू येते. थोड्या वेळाने त्याच्या मागून पांढऱ्या वाळूचा धूर सुटतो. शेवाळ खायला हिरवी कासवं येतात. (वेळासला येतात ती ऑलिव्ह रिडले, ही वेगळी.) त्यांच्यापासून 10 फूट लांब राहायचं, आणि श्वास घ्यायला वर येणाऱ्या कासवाची वाट तर कधीच अडवायची नाही. खडकावरून लोक उड्या मारतात, म्हणून त्या कड्याच्या अगदी खाली रेंगाळू नये.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचंच; माउई काउंटीत ऑक्टोबर 2022 पासून बाकीच्यांवर बंदी आहे. त्याहून बरा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहताना घालायचा अंगाबरोबर बसणारा शर्ट.

बाकी राहिलंय ते खडकाचं समुद्रात घुसलेलं टोक. तिथे प्रवाह खडकाला वळसा घालून बाहेर ओढतो. चाचणी सोपी : कोपऱ्याच्या अलीकडे हातपाय सोडून मिनिटभर तरंगायचं आणि तळाच्या एका दगडावर नजर ठेवायची. दगड मागे सरकला, म्हणजे आपण टोकाकडे वाहत चाललो, तर तिथूनच परत फिरायचं. जोडीदार नसेल तर वळसा नाहीच.

फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी परतताना दोन मिनिटं कान पाण्याखाली ठेवून स्थिर राहावं. हंपबॅक देवमाशांचं गाणं लांबून ऐकू येतं.