ओल्या बल्बची वात: दुपारचा चढ अखेर उतरला

सापडलं! स्लॅबवर काम करणाऱ्यांसाठीच्या माझ्या उष्णता-मापकात ओला बल्ब (ओल्या वातीत गुंडाळलेला तापमापक) दुपारी बारानंतर वर का सरकायचा, ते एकदाचं कळलं. दोष सेन्सरचा नाही, कोडचाही नाही. बाटलीतल्या पाण्याचा आहे.

चंद्रपूरच्या उन्हात हवा ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना ओला बल्ब २५च्या आसपास असायला हवा. माझा २८ दाखवायचा. डब्ल्यूबीजीटीत (उष्णतेचा माणसावरचा एकूण ताण सांगणारा आकडा) ओल्या बल्बला ०.७, उन्हाची धग मोजणाऱ्या काळ्या गोळ्याला ०.२ आणि हवेला ०.१ वजन. म्हणजे इथे तीन अंश हुकले की निकाल दोन अंशांनी हुकतो, आणि स्लॅबवरच्या माणसांना सावलीत बसवायचं की नाही, हे तेवढ्यातच ठरतं.

वातीला पाणी देणारी बाटली ईएसपी३२च्या (यंत्र चालवणारी चिप) डब्याला चिकटलेली. डबा तापला की पाणी तापतं, आणि आखूड वातीतून ते कोमट पाणी थेट बल्बवर. एक जादा डीएस१८बी२० (तापमानाचा सेन्सर) बाटलीत बुडवला तर ४१! (हा अस्सल, जरा महाग दुकानातला. स्वस्तातली पुडी घेऊ नका, त्यातले दोन एकमेकांशी जुळत नाहीत.) वात लांब केली तर पाणी वाटेत गार होतं खरं, पण गरम वारा सुटला की वरचं टोक सुकतं आणि आकडा एकदम उसळतो. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी वातच बदलली. कंदिलाची विणलेली पट्टी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढली, बाटली डब्यापासून लांब नेऊन फॉइलमध्ये गुंडाळली आणि तीन सेंटिमीटर वात उघडी ठेवली. भर दुपारी टोकाला बोट लावलं तर गारेगार! आलेख सपाट. पाणी मात्र इन्व्हर्टरमध्ये घालतो तेच डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्यानं वात पांढरी आणि कडक होते.

हे लिहिता लिहिताच सुचलं: बाटलीऐवजी संक्रांतीचं सुगड का नको? पाझरेल आणि आपलं आपण गार राहील. मातीतले क्षार वातीत चढतात का, ते बघावं लागेल; शिवाय त्याची ओल एसएचटी३१ या हवेची आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत पोचता कामा नये. कमरेला लावायच्या युनिटवर ते टिकणार नाही. तेव्हा आता दोन युनिटं: कमरेच्याला बाटली, खांबावरच्याला सुगड. काळा गोळा म्हणून लावलेल्या पिंगपाँगच्या चेंडूचं वाऱ्यातलं करेक्शन तूर्त मागे.

कोणी एसएचटी३१च्या सावलीच्या चकत्या थ्रीडी प्रिंटरवर पीईटीजी प्लास्टिकमध्ये छापल्या असतील तर फाइल द्या. माझ्या पीएलए प्लास्टिकच्या उन्हात पापडासारख्या वाकल्यात.